कौस्तुभ रेडकरचे एकोणीस ठोके

पेणकरपाड्याच्या एका सोसायटीत, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर कौस्तुभ रेडकर राहतो. वय सत्तेचाळीस. अंगाने काटकुळा, चालताना कायम पुढे झुकलेला, म्हणजे आपण पोचायच्या आधी निदान डोकं तरी पोचावं. हा माणूस स्वस्थ बसलेला आख्ख्या सोसायटीत कुणी पाहिलेला नाही. मीटिंगला येतो तो उभाच राहतो. सेक्रेटरी म्हणतात, "रेडकरजी, दो मिनट बैठिए तो सही," आणि हा तोवर नोटीस बोर्डावरच्या जुन्या टाचण्या काढून डबीत भरत असतो.

त्याची सकाळ एकदा बघण्यासारखी असते. चहाचं आधण ठेवलं की उकळी येईपर्यंत दाढीचा साबण लावून घ्यायचा, साबण मुरेपर्यंत बुटांना पॉलिश, पॉलिश वाळेपर्यंत कपडे मशीनमध्ये. शेगडीचे दोन बर्नर, त्यातला एक रिकामा दिसला की याला राहवत नाही.

"शैला, तो रिकामाच आहे. अंडी तरी लाव त्याच्यावर."

"कुणाला खायचीयत अंडी?"

"लागतील दुपारी."

"रिकामा आहे तर राहू दे ना रिकामा. त्यालाही जीव आहे," असं म्हणून शैला आपला डबा भरते. ती एका वकिलाच्या ऑफिसात कामाला आहे, तारखा पडण्याची तिला सवय आहे. नवऱ्याला नाही. परळहून बिऱ्हाड इकडे आलं तेव्हा त्याचे वडील, गुणवंतराव, सुनेला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "याच्या पायाला भिंगरी आहे, सूनबाई. थांबवायला जाऊ नकोस, तूच फिरशील." वडील गेले, पण भिंगरी काही सुटली नाही.

आता खोड असते एकेकाची, हसून सोडून द्यावं. पण कौस्तुभच्या खोडीवर त्याचं पोट होतं. तो कॉम्प्युटरच्या चिपसाठी काम लावून द्यायचा. शब्दशः. कुठलं काम कधी आणि कुणी करायचं ते ठरवायचं, हीच त्याची नोकरी.

पवईच्या एका मोठ्या कंपनीत त्याने हेच सतरा वर्षं केलं. मग एका गुरुवारी आख्खं डिपार्टमेंट बंद झालं. त्यानंतरची दोन वर्षं कौस्तुभ घरी होता, आणि ती दोन वर्षं त्याला आतून खाऊन गेली. पहिल्या महिन्यात त्याने मसाल्यांचे डबे अक्षरक्रमाने लावले. दुसऱ्या महिन्यात सोसायटीच्या छपन्न मीटरांवर नावं चिकटवली. सहाव्या महिन्यापासून तो रोज नऊला बॅग घेऊन घराबाहेर पडायला लागला. कुठे जातोस, असं शैलाने विचारलं नाही, कारण तिला ठाऊक होतं. तो काशीमिऱ्यापर्यंत चालत जायचा, पुलाखाली अर्धा तास उभा राहायचा आणि चालत परत यायचा. शेजाऱ्यांना वाटावं, काम आहे माणसाला. बॅगेत एक छत्री आणि जुनं वर्तमानपत्र असायचं. "मला परत घरी बसवू नका," असं तो पुढे एकदा झोपेत बोलला होता, आणि शैलाने ते कुणालाही सांगितलं नाही.

मग ईश्वरभाई भेटले. भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांचे गाळे ज्या गल्लीत दिवसभर ठणठणत असतात, तिथे ईश्वरभाईंचा छोटा कारखाना आहे. ते मासेमारीच्या बोटींसाठी एक डबा बनवतात. बोटीच्या बुडाला एक चकती बसवायची. चकती पाण्यात हाक सोडते, हाक तळाला आपटून परत येते, आणि ती यायला किती वेळ लागला त्यावरून डबा पडद्यावर आकडा दाखवतो: खाली इतकं पाणी आहे. परत आलेल्या हाकेतून पाणी, मासळी आणि तळ वेगळे ओळखायचे, ही हिशेबाची मारामारी. ती करायला डब्यात एक स्वस्तातली चिप होती.

ही चिप म्हणजे एका छपराखाली चार कामगार. दोघे बेरीज-वजाबाकीचे, एक गुणाकाराचा आणि एक नुसता हमाल, आठवणीच्या फडताळातून आकडा आणणारा आणि नेऊन ठेवणारा. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला चौघेही एकाच वेळी काम करू शकतात. फक्त त्यांना ते लावून द्यावं लागतं. बेरीज एका ठोक्यात होते, गुणाकाराला दोन लागतात, हमालाला आकडा आणायला तब्बल पाच. तो आणेपर्यंत बाकीच्यांनी करायचं काय? दुसरं काही काम असेल तर ते त्या जागेत सरकवायचं. नसेल तर कागदावर लिहायचं, रिकामा. महागड्या फोनमधल्या चिपा स्वतःच बघतात की आकडा आलाय का, नसेल तर थांबतात. ही गरीब चिप थांबत नाही आणि विचारतही नाही. आकडा आलेला नसेल तर जागेवर जो जुना पडला असेल तो उचलते आणि पुढे जाते. चूक झाली असं कुठेही लाल अक्षरात दिसत नाही.

कौस्तुभकडे याच्यासाठी चौकटीची वही होती, पोरं गणिताला वापरतात ती. चार उभे रकाने, चार कामगारांचे. एकेक आडवी ओळ म्हणजे एकेक ठोका. पेन्सिलने काम भरायचं, खोडायचं, वर सरकवायचं. रिकामी चौकट दिसली की याचा हात शिवशिवायचा. एरवी हे काम कंपायलर नावाचा प्रोग्राम करतो, पण कंपायलर भित्रा. दोन कामांचा एकमेकांशी संबंध असू शकेल अशी नुसती शंका आली तरी तो त्यांची अदलाबदल करत नाही. मात्र त्याला हमी देता येते. एका ओळीत लिहून द्यायचं की बाबा रे, या दोन जागा वेगळ्या आहेत, कधीच एक नसतात, तू बिनधास्त हलव. दिलेली हमी तो तपासत नाही. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

यंदाच्या पावसाळ्यात ईश्वरभाईंनी नवी कल्पना काढली. दोन हाका हव्यात. एक अरुंद, सरळ खाली, खोलीसाठी. दुसरी पसरट, मासळीसाठी. चिप तीच, कारण दुसरी परवडणार नाही. सगळा हिशेब एका फेरीला सत्तावीस ठोके खात होता, आणि दोन हाका बसवायच्या तर वीसच्या आत यायला हवा होता.

कौस्तुभने सहा आठवडे ती वही उशाशी घेतली. जेवताना डाव्या हाताने पेन्सिल. हमालाला पुढे पिटाळ, गुणाकार मागे ओढ, बेरीज मधल्या फटीत बसव. चोवीस झाले. तेवीस झाले. मग एका ठिकाणी त्याने कंपायलरला हमी दिली: परतीची हाक जिथे ठेवतो आणि हिशेबाला जिथून उचलतो, त्या दोन जागा वेगळ्या आहेत. होत्याच वेगळ्या. त्यामुळे उचलायचं काम ठेवायच्या आधी नेता आलं, हमालाच्या पाच ठोक्यांच्या वाटेतले चार वाचले, आणि आकडा आला एकोणीस. सगळ्या चौकटी भरलेल्या, एकही रिकामी नाही. कौस्तुभने ते पान शैलाला दाखवलं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा दोन वर्षांत पहिल्यांदा असा दिसत होता, म्हणून तिने त्या दिवशी गोडाचा शिरा केला.

ईश्वरभाईंनी फाफडा मागवला आणि कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "कौस्तुभभाई, आप तो जादूगर निकले. आता साठ बोटी आपल्या."

साठ बोटी म्हणजे उत्तनच्या पलीकडे चौक गावच्या मच्छीमार सोसायटीच्या. आधी पाच बोटींवर डबा लावून बघायचा आणि दिवाळीनंतरच्या एका सोमवारी साठांचा निर्णय, असं ठरलं. पाचांतली पहिली बोट धनेशची. धनेश तिशीतला, बोलका, नव्या वस्तूचा शौकीन. त्याचे वडील गोवर्धन पन्नास वर्षं दर्यावर, अजूनही पोराबरोबर बोटीवर जायचे. डबा बसवायला कौस्तुभ स्वतः गेला होता. गोवर्धन लांबून बघत होते.

"ह्यो डबा खडप दावंल काय?" त्यांनी विचारलं. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक.

"सगळं दाखवेल, काका."

"मना दिसतंय तवर मना नको," म्हातारा म्हणाला. धनेश हसला. त्याची आई शेवंती हिने तळलेले बोंबील पुढे केले, ते कौस्तुभने उभ्याउभ्याच खाल्ले. जेटीवर सोसायटीच्या खोलीत वायरलेस असतो हेही शेवंतीने त्याला दाखवलं. घरापासून दोन मिनिटं. बोट आत असली आणि काही निरोप असला की ती तिथे जाऊन पोराला सांगते. "माजा नंबर ठेव," ती म्हणाली, "कवा लागला तर." त्याने 'धनेश घरचा' म्हणून तो ठेवला.

डब्याची परीक्षा रीतसर झाली होती. कारखान्यातल्या टाकीत आकडा बरोबर आला. भाईंदरच्या खाडीत बरोबर आला. पाचही बोटींवर पहिले दहा दिवस बरोबर आला. बाहेरचा तळ सपाट चिखलाचा, मैलभर गेलं तरी वीतभर फरक.

तो शनिवार नोव्हेंबरातला. शैलाला सुट्टी होती, ती मटार सोलत होती. कौस्तुभलाही सुट्टीच होती, म्हणजे तो तीनदा खाली जाऊन आला होता. साडेदहाला त्याने वही काढली. एकोणीसचे अठरा होतात का बघू, एवढंच डोक्यात होतं. गरज नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. पण हाताला चाळा हवा.

तो पेन्सिल घेऊन उचलण्याच्या आणि ठेवण्याच्या चौकटीपाशी आला आणि थांबला.

दोन हाकांचा डबा करताना फडताळात जागा कमी पडत होती. तेव्हा त्याने स्वतःच, हमी दिल्यानंतर तीन आठवड्यांनी, दोन जागांची एक केली होती. ठेवायचं तिथूनच उचलायचं. चार ओळींची दुरुस्ती, पाच मिनिटांचं काम. आणि हमी तशीच राहिली होती. कंपायलरने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून उचलायचं काम ठेवायच्या आधी नेलेलं होतं. पातेल्यात ताजं दूध ओतायच्या आधीच पेला बुडवला, तर पेल्यात येणार कालचंच. डबा गेले दहा दिवस मागच्या हाकेचा आकडा दाखवत होता. टाकीत तळ हलत नाही, म्हणून कळलं नाही. चिखलावर तळ बदलत नाही, म्हणून कळलं नाही. दोन हाकांमध्ये चार सेकंद. चार सेकंदांत बोट दहा-बारा मीटर पुढे गेलेली असते. चिखलावर त्याने काही बिघडत नाही. आत येताना, किनाऱ्याजवळच्या खडपांच्या कडेला बिघडतं.

त्याने घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी होते. धनेशची बोट आज परत यायची होती. तसं त्याने मंगळवारी फोनवर सांगितलंच होतं: "शनिवारी दुपारच्याला येतो सर, या मासळी न्यायला."

कौस्तुभने फोन उचलला. 'धनेश घरचा'. अंगठा त्या नावावर होता.

इथे थांबून सांगायला हवं की हा माणूस वाईट नाही. त्याच्या मनात जे आलं ते कुणाच्याही मनात येईल. आधी खात्री करू, उगाच घबराट नको. खात्री करायची तर कारखान्यात जायला हवं. चावी ईश्वरभाईंकडे. ईश्वरभाईंना काय सांगायचं? परवा सोमवार. साठ बोटी. ज्या एकोणीस ठोक्यांसाठी फाफडा वाटला, तेच खोटे निघाले म्हणायचं? आणि मग? काशीमिऱ्याचा पूल, बॅग, छत्री. शिवाय बोटीवर गोवर्धन आहेत. म्हातारा डब्याकडे बघत नाही. पन्नास वर्षं त्याला प्रत्येक खडप पाठ. काही होणार नाही. सपाट तळ आहे. सोमवारनंतर नवं सॉफ्टवेअर देऊ, कुणाला कळायचंसुद्धा नाही.

फोन त्याने मांडीवर ठेवला. शैला आतून बघत होती. साडेअकराला बघितलं, तो गॅलरीपाशी खुर्चीत बसला होता. साडेबाराला बघितलं, तसाच. तिने जेवायला हाक मारली, तो नंतर म्हणाला. दोन वाजता मशीनमधले कपडे धुऊन झाल्याची शिट्टी वाजली, तरी तो उठला नाही.

"आज बरा बसलायस," ती म्हणाली. तिला खरं तर आनंदच झाला होता. "असा बसत जा जरा. काय होतं बसलं की?"

त्याने मांडीवरचा फोन पालथा केला. तिला ते दिसलं नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. धनेश होता. मागे माणसांचा गलका, कुणीतरी दोरीसाठी ओरडत होतं.

"सर, बोट खडपावर लागली. बाबा पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाला उभे होते, धक्क्याने पडले. हात दोरखंडात अडकला. हॉस्पिटलला नेलंय." मग त्याचा आवाज फाटला. "डब्यात साडेचार मीटर दाखवत होतं, सर. मी नीट बघितलं नसणार. बाबा सांगत होते बाहेरून घे, मीच जवळून घेतली. माझीच चूक हाय."

कौस्तुभ पळाला. रिक्षा भाईंदर पूर्वेला पोचेपर्यंत त्याने सीटचं रेक्झिन नखांनी फाडलं. कारखान्यात ईश्वरभाई होते. डबा बाकावर लावून, टाकीत तळाच्या जागी एक फळी धरून, ती वरखाली करून वीस मिनिटांत त्याने त्यांना दाखवून दिलं: फळी वर आली तरी आकडा जुना, मग चार सेकंदांनी नवा. ईश्वरभाईंचा चेहरा पडला. पण माणूस सरळ. त्यांनी एकेक करून बाकीच्या चारही बोटींना फोन, वायरलेस, निरोप, जमेल तसं कळवलं: डबा बंद करा, आमची चूक आहे. सोमवारची मीटिंग स्वतःहून रद्द केली. हॉस्पिटलचा खर्च माझा, म्हणून मच्छीमार सोसायटीला फोनवर सांगितलं. आणि मग कौस्तुभच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भूल तो किसीसे भी होती है. पण ॲक्सिडेंट झाल्यावर एका तासात पकडलंत तुम्ही. दुसरा असता तर महिना लावला असता. चार बोटी वाचल्या."

इथे बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं त्याने. पण शेजारच्या गाळ्यात पातेली आपटत होती, ईश्वरभाई पुन्हा फोनकडे वळले होते, आणि तो क्षण निघून गेला.

त्याच संध्याकाळी त्याने हमीची ओळ पुसली. एकोणीसचे तेवीस झाले. दोन हाका आता बसत नव्हत्या. पानावर कितीतरी चौकटी रिकाम्या दिसायला लागल्या. त्या त्याने भरल्या नाहीत.

गोवर्धनची उजव्या हाताची दोन बोटं गेली. हे सोमवारी कळलं. मंगळवारपासून कौस्तुभने जेवण टाकल्यातच जमा होतं. घरात एका जागी थांबेना. रात्रभर हॉल ते किचन, किचन ते हॉल. बाहेर माणसं त्याचं कौतुक करत होती. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी ईश्वरभाईंना म्हणे सांगितलं, तुमच्या साहेबांनी तासाभरात दोष काढला, मानलं. प्रत्येक कौतुकाबरोबर हा एक इंच आत खचायचा.

शुक्रवारी शैला भाजी निवडताना, वर न बघता म्हणाली, "शनिवारी सकाळी तू ती वही घेऊन बसला होतास."

तो थबकला.

"फोन आला तेव्हा तू दचकला नाहीस, कौस्तुभ. मी बघत होते. दुसऱ्या कुणाचा असा फोन आला असता तर तू दहा प्रश्न विचारले असतेस."

"शैला..."

"मला नको सांगूस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "मी तर तुला म्हणाले, असा बसत जा. मला आता माझीच लाज वाटतेय. जा, ज्याला सांगायचं त्याला सांग."

शनिवारी, म्हणजे बरोबर आठव्या दिवशी, तो भाईंदर पश्चिमेहून चौकच्या बसमध्ये चढला. मुर्धा, राई, मोरवा मागे पडले. त्याला खिडकीची जागा मिळाली होती, तरी तो उठून दांड्याला धरून उभा राहिला. डोंगरीला तर तो उतरलाच. परत जावं असं वाटलं. मग पुढची बस येईपर्यंत स्टॉपवर येरझाऱ्या घातल्या, आणि चढला.

धनेशच्या घराच्या ओट्यावर गोवर्धन बसले होते. उजवा हात बँडेजात, छातीशी. मांडीवर जाळं, आणि डाव्या हातात जाळं विणायची सुई. ती त्यांना वळत नव्हती. एक गाठ मारायला ते तीनदा प्रयत्न करत होते, सुटली की पुन्हा. शेवंती दारात मासळी साफ करत होती. धनेश खाली पायरीवर, बापाच्या पाठीमागे बसला होता.

"या सर," तो उठला. डोळे खोल गेले होते त्याचे. "सर, तुमचे उपकार हायेत. तासात शोधलंत म्हणून बाकीच्यांच्या बोटी वाचल्या." मग आवाज खाली आणून, "बाबा माझ्याशी बोलत न्हाय सर. आठ दिस झालं. एक शब्द न्हाय."

"बाहेरून घे सांगितलं व्हतं मी त्येला," गोवर्धन जाळ्याकडे बघत म्हणाले. ते कौस्तुभला सांगत होते, पोराला नाही. "तर म्हने, डबा साडेचार दावतोय."

शेवंतीने हात पुसले. "बस ना रं बाबा. चा टाकते."

"नको, काकी. मला आधी बोलायचंय." कौस्तुभ उभाच राहिला. वाक्यं त्याने बसमध्ये जुळवली होती, त्यातलं एकही आता सापडेना. "धनेशची चूक नाही, काका. डब्याची होती, म्हणजे माझी. ते तुम्हाला कळलंच आहे. पण मी ती नंतर नाही शोधली. आधी शोधली होती. त्याच दिवशी. सकाळी अकराला."

शेवंती जागच्या जागी थांबली.

"अकराला?" धनेश म्हणाला. "आम्ही तर तवा लई बाहेर होतो. चांगले चार तास लांब."

"हो."

"आईला फोन केला असता तर..."

"हो," कौस्तुभ म्हणाला. "दहा मिनिटांत निरोप पोचला असता. नंबर होता माझ्याकडे. फोन हातात होता. मी घाबरलो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. वाटलं, काका आहेत बोटीवर, काही होणार नाही."

शेवंतीच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला, तो इथे लिहिता येण्यासारखा नाही. ती पुढे आली होती. तिला आवरलं ते गोवर्धननी, नुसता डावा हात आडवा धरून. सुई अजून त्या हातात होती.

म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली आणि कौस्तुभकडे नीट बघितलं, आलेल्या मासळीकडे बघतात तसं, घाई न करता.

"अकरा ते तीन," ते म्हणाले. "चार तास. काय करत व्हतास?"

कौस्तुभने तोंड उघडलं. सतरा वर्षं कुठल्या ठोक्याला कोण काय करत होतं हे तो झोपेतून उठवून सांगू शकला असता.

"काही नाही," तो म्हणाला. "बसलो होतो."

खाली जेटीवर बर्फ फोडण्याचा आवाज येत होता. गोवर्धननी सुई जाळ्यावर ठेवली, बँडेजातला हात सावरून घेतला, आणि मान मागे वळवून पायरीकडे बघितलं.

"धनेश," ते म्हणाले, "उठ बाला. ह्येला बसपर्यंत सोडून ये."